काळ्या दगडाच्या पोटातली रत्ने

भाद्रपदातल्या चतुर्थीला चुकून चंद्र दिसला, की कोकणातल्या कितीतरी घरांत आजही स्यमंतक मण्याची कथा वाचतात. सूर्याने सत्राजिताला दिलेला, रोज आठ भार सोने देणारा तो मणी. त्याच्यापायी प्रसेनाचा जीव गेला आणि प्रत्यक्ष कृष्णावर चोरीचा आळ आला. शिवाय लोखंडाचे सोने करणारा परीस आहे, अंधार उजळणारा नागमणी आहे, चांदण्यात पाझरणारा चंद्रकांत आहे. दगडात काहीतरी सामर्थ्य दडलेले आहे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. या कथा ज्या मातीत रुजल्या, त्या महाराष्ट्राच्या काळ्या दगडात खरोखरच पाझरणारी, रंगाने थक्क करणारी स्फटिकरत्ने आहेत. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती मानाने मांडलेली आहेत. आपण मात्र त्यांची खडी करून रस्त्यावर पसरतो.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. थरांवर थर साचत गेले. आज उरलेला हा दगड जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात जाते. लाव्हा थिजत असताना आतले वायू वर येऊ पाहत होते. जे अडकले त्यांच्या पोकळ्या झाल्या. काही वाटाण्याएवढ्या, काही माणूस आत बसेल एवढ्या. मग पुढची लाखो वर्षे या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. पाण्याने दगडातले कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून आणले आणि पोकळीच्या भिंतींवर कण कण बसवले. झिओलाइट गटातली खनिजे आणि त्यांच्या सोबतीने वाढणारी इतर खनिजे अशी तयार झाली.

इथे दापोलीत बसून हे लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचा जांभा दगडही त्याच लाव्ह्याचा. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसाने आणि उष्ण हवेने काळ्या दगडातली सिलिका युगानुयुगे धुऊन नेली. मागे उरले ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, म्हणून जांभा लाल. चिरेखाणीतून निघालेला चिरा ताजा असताना मऊ असतो, वाऱ्या-उन्हात तो टणक होत जातो आणि त्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. एकाच दगडावर पाण्याने दोन तऱ्हांनी काम केले. उघड्या सड्यांवर त्याने घरे बांधायचा चिरा दिला, बंद पोकळ्यांत स्फटिक घडवले.

हे स्फटिक जगासमोर आले ते मुख्यतः बांधकामामुळे. बोरघाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्यासाठी सह्याद्री फोडताना अनेक सुंदर नमुने निघाले आणि युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. पुढे मुंबईच्या उपनगरांतल्या, पुण्याच्या पाषाणमधल्या, नाशिकच्या पांडवलेण्यांजवळच्या आणि जळगावकडच्या खाणींची नावे परदेशी संग्राहकांच्या तोंडी झाली. नगर-जळगाव पट्ट्यात विहिरी खणतानाही कितीतरी नमुने हाती लागले.

यातली काही रत्ने जवळून पाहण्यासारखी आहेत. स्टिल्बाइटचे स्फटिक बहुधा फिक्या गुलाबी किंवा पीचसारख्या रंगाचे. चपट्या पात्यांचा जुडगा मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला, थेट भाताच्या पेंढीसारखा. अ‍ॅपोफिलाइट चौकोनी, काचेसारखा लखलखीत. व्हॅनेडियमचा अंश असला की तो हिरवा होतो. वरून पाहिले तर त्याचा माथा मोत्यासारखा चमकतो आणि बाजूने पाहिले तर आरपार दिसते. ओकेनाइटचे पांढऱ्या तंतूंचे गोळे इतके नाजूक, की बोट लागले तरी दबतात आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत.

या सगळ्यांहून दुर्मीळ म्हणजे कॅव्हनसाइट. त्यातही व्हॅनेडियमच आहे, पण इथे त्याचा रंग गडद, विजेसारखा निळा. 1960च्या दशकात हे खनिज पहिल्यांदा सापडले अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, तेही अगदी थोडे. त्यानंतर पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत असे नमुने निघाले, की जगभरच्या संग्रहांतला उत्तम कॅव्हनसाइट म्हणजे वाघोलीचा, असे समीकरणच झाले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला निळ्या सुयांचा तो गोल एकदा पाहिला की रंग भरलेला असेल अशीच शंका येते. तो रंग निसर्गाचाच आहे.

हे धन हाती येते ते खाणकामगाराच्या नजरेमुळे. खाण चालते खडीसाठी. सुरुंग लागतो, दगड फुटतो, डंपर भरून क्रशरकडे जातो. त्या धांदलीत एखाद्या धोंड्याला पोकळी आहे हे दिसायला अनुभव लागतो. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार समाजातल्या कामगारांनी ही नजर कमावली. पोकळी दिसली की घणाचे काम थांबते आणि छिन्नी-हातोडी हाती येते. स्फटिकावर नव्हे, त्याच्या भोवतालच्या दगडावर घाव घालायचा असतो, आणि तोही असा, की हादरा आत पोहोचू नये. कारण ही रत्ने हिऱ्यासारखी कठीण नाहीत. दहाच्या मोजपट्टीवर स्टिल्बाइटची कठीणता चारच्या वर जात नाही. म्हणून त्यांचे दागिने होत नाहीत. जशी निघाली तशीच, बुडाच्या दगडासकट ठेवावी लागतात. एक कोपरा उडाला तरी मोल जाते. कागदात, कापसात गुंडाळून ती व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून अमेरिकेतल्या टूसॉनसारख्या मोठ्या खनिज प्रदर्शनांत पोहोचतात.

महाराष्ट्रात ही रत्ने पाहायची तर सिन्नरजवळचे ‘गारगोटी’ हे संग्रहालय गाठावे. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी छंद म्हणून खनिजे जमवली, आणि त्या संग्रहातून 2001 मध्ये हे संग्रहालय उभे राहिले. दख्खनच्या पोकळ्यांतले स्फटिक इथे नीट प्रकाशात, नावानिशी मांडलेले आहेत. आपल्या शेजारच्या खाणीतून हे निघते, हे कळायला दुसरी जागा आपल्याकडे फारशी नाही.

अलीकडे असे स्फटिक आजार बरे करतात, नशीब उघडतात, असे सांगून विकले जातात. त्याला कसलाही आधार नाही, आणि दुखण्यात असलेल्या माणसाचा पैसा त्यात जातो याचे वाईट वाटते. या दगडांचे खरे सामर्थ्य याहून कितीतरी मोठे आहे. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा एक दगड जोरात तापवला, तर त्यातून पाणी उकळून बाहेर आले. झिओलाइटच्या रचनेतच रेणूंच्या मापाची दालने असतात आणि त्यांत पाणी राहते. तापवले की पाणी निघून जाते, दगडाचा सांगाडा तसाच राहतो आणि गार झाल्यावर पुन्हा पाणी घेतो. चंद्रकांत पाझरतो ही कविकल्पना, झिओलाइट पाझरतो हे प्रयोगशाळेत दाखवता येते.

हीच दालने चाळणीचे काम करतात. 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा दूषित पाण्यातले किरणोत्सारी सीझियम पकडायला झिओलाइट वापरला गेला. कोविडच्या लाटेत घरोघरी आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या पोटातही कारखान्यात घडवलेला झिओलाइटच होता. दाबाखाली हवा त्यातून सोडली की तो नायट्रोजन धरून ठेवतो, ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन बाहेर पडतो आणि तो पुन्हा कामाला तयार. दोन नळकांडी आळीपाळीने हे करत राहतात. श्वास देणारा दगड कोणत्याही अद्भुत कथेत शोभला असता. इथे तर त्याने खरीखुरी माणसे जगवली.

या धनाची आपल्याला ओळख व्हायला फार पैसा लागत नाही. वर्गातल्या एका कपाटात जांभ्याचा चिरा, काळ्या दगडाचा पोकळीवाला तुकडा, स्टिल्बाइटचा एक साधा जुडगा आणि दोन पांढऱ्या गारगोट्या एवढे असले तरी पुरे. अंधाऱ्या खोलीत गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या की आतून पिवळसर उजेड पडतो आणि जळकट वास येतो. तो पाहून मुले ‘असे का होते?’ म्हणून विचारतील, आणि भूगोलाचा धडा तिथून सुरू व्हावा. खाणीवरच्या कामगाराला चांगल्या नमुन्याचे रास्त मोल मिळाले, तर क्रशरकडे जाणारा धोंडा तो आपणहून बाजूला काढील. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या खाणींत निघालेले निदान काही नमुने जिल्ह्यातच राखावेत. बंद झालेल्या खाणीतली पोकळी पुन्हा सापडत नाही, आणि ती भरायला निसर्गाला लागलेली लाखो वर्षे कुठल्याही किमतीला विकत मिळत नाहीत.