नदीच्या वाट्याची जमीन

बल्लारपूरहून राजुऱ्याकडे जाताना वर्धा नदीचा पूल लागतो. सपाट काळ्या रानात मध्येच करडे डोंगर उभे दिसतात. ते मातीचे ढिगारे आहेत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची जमीन उपसली, ती तिथेच रचून ठेवलेली आहे.

कोळसा नदीकाठीच का सापडतो? सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबट पट्ट्यांत खचली. त्या खोलगट भागात गाळ आणि वनस्पती थरावर थर साचल्या; गाळाचे खडक झाले आणि वनस्पतींचा कोळसा. हे खडक आजूबाजूच्या कठीण खडकांपेक्षा मऊ, म्हणून पुढच्या काळातल्या नद्यांनीही आपली वाट बरीचशी त्यांतूनच कोरली. झारखंडात दामोदर, आपल्याकडे वर्धा. कोळसा आणि पूर एकाच खोऱ्याचे रहिवासी आहेत.

म्हणूनच कायद्याने काही अंतरे आखून दिली. नदीखाली आणि काठापासून १५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचे नाही. खाणीचे तोंड आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच हवे. ही अंतरे कागदी नाहीत. २६ सप्टेंबर १९९५ च्या रात्री धनबादजवळ अतिवृष्टीने कत्री नदी फुगली आणि तिचे पाणी गझलीटांडच्या भूमिगत खाणीत शिरले. ६४ कामगार वर आलेच नाहीत. कत्री ही काही मोठी नदी नव्हे.

पण दीड मीटर मोजायचे कुठून? पुराची जुनी खूण ही जुन्या नदीची खूण असते. काठावर मातीचा डोंगर रचला की पुराला पसरायची जागा उरत नाही आणि तेवढेच पाणी अधिक उंच चढते. पावसात ढिगाऱ्याची माती ओघळून पात्रही उथळ होते. चंद्रपूरकरांना हे वर्धेला मिळणाऱ्या इरई नदीच्या काठी राहून कळले आहे. वर्धा भरली की इरईचे पाणी मागे तुंबते. त्यात पात्र अरुंद झालेले असेल तर पाणी वस्तीत शिरते. खाण सुरक्षित राहिली, तरी पुराचे पाणी समोरच्या काठावरच्या घरांत जाते. त्या घरांसाठी दीड मीटरचा नियम नाही.

कोळसा लागतो, हे मला मान्य आहे. पण ढिगारा पूररेषेच्या आत नको. जिथे तो आधीच आहे, तिथे दरवर्षी मृगाआधी पुराची पातळी नव्याने मोजून गावाच्या चावडीवर लावावी. आपल्या ग्रामसभेत हा आकडा मागा.