विषारी वायू युद्धात निषिद्ध का ठरला?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असताना अकरावीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "माणूस गोळीनेही मरतो आणि वायूनेही मरतो. मग जगाने बंदी वायूवरच का घातली?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

विषाविषयीचा तिटकारा फार जुना आहे. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात शस्त्रांचा आहे आणि विषाचाही आहे. विषारी वायूचे अस्त्र म्हणजे ही दोन्ही एकत्र. विषारी बाणाने लढू नये, असे मनुस्मृतीही सांगते. रणांगणातील शत्रूवर एवढी दया दाखवणाऱ्या त्या ग्रंथाने आमच्या पूर्वजांच्या वाट्याला काय ठेवले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्याचे काय झाले, हे वाचकांना सांगायला नकोच.

१८९९ च्या हेग परिषदेत गुदमरवणारा वायू पसरवणारे तोफगोळे न वापरण्याचे ठरले. म्हणजे अस्त्र रणांगणावर येण्याआधीच बंदी आली होती. आमच्या मते मर्म इथेच आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनीने क्लोरीन सोडला तो तोफगोळ्यांतून नव्हे, सिलिंडरमधून. ही निव्वळ पळवाट होती; जगाला तो वचनभंगच वाटला. चारच दिवसांनी तेथे हिंदी पलटणीही वायूत सापडल्या. योग्य मुखवटे नव्हतेच. शिपाई ओले फडके तोंडाला लावीत. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोळीपुढे धैर्य, चपळाई, खंदक काहीतरी कामी येते. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खंदकातच उतरतो. शिपाई, गावकरी, जनावर असा भेद वायू करीत नाही, आणि वारा फिरला तर सोडणाऱ्यावरच उलटतो. पुढे १९२५ मध्ये जिनिव्हा करार झाला.

तरी निव्वळ माणुसकीने बंदी टिकली असे समजू नये. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील बड्या राष्ट्रांच्या फौजांनी रणांगणात एकमेकांवर वायू सोडला नाही, त्यामागे उलट माऱ्याची भीती होती. मात्र १९३५-३६ मध्ये इटलीने तो इथिओपियावर टाकला, जपानने चीनवर टाकला, नाझींनी छळछावण्यांत लाखो ज्यूंना वायूने मारले, आणि १९८८ मध्ये इराकच्या हलबजात सद्दामच्या विमानांनी हजारो कुर्द मारले. ज्याला उलट वार करता येत नाही, त्याच्याच वाट्याला तो आला.

१९९३ च्या करारावर भारताने सही केली. १९९७ मध्ये आपल्याकडे १०४४ टन मस्टर्ड वायू असल्याचे जाहीर केले आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला.

टॅबून हा मज्जातंतूंवर घाला घालणारा वायू १९३६ मध्ये जर्मनीत कीटकनाशके शोधताना हाती लागला. आज कपाशीवर मारली जाणारी अनेक औषधे त्याच कुळातली आहेत. शेतीसाठी रसायने वापरण्यास करारात मुभा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे वडील हंगामात पाठीवर पंप घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून, दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जातात.