धरणाचं पाणी, नदीची पातळी एका क्लिकवर : लिनक्स कॉम्प्युटरवर शॉर्टकट असा करा



आपल्या भागात नदी वाढते ती नुसती इथल्या पावसानं नाही. दूधगंगेला काळम्मावाडीचं पाणी येतं, वेदगंगेला पाटगावचं, कृष्णेला कोयनेचं. पंचगंगेचं पाणीही नृसिंहवाडीला कृष्णेत मिळून पुढं आपल्याकडंच येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, ते सगळ्यांनी बघितलंय. इथं ऊन पडलेलं असतं आणि वरनं पाणी सुटलेलं असतं. नाव आणि जाळी वर काढायची तर खबर आधी पाहिजे.

धरणाचा विसर्ग, नदीची पातळी आणि हवामान यांची सरकारी पानं आहेत. दर वेळी शोधत बसलं की वेळ जातो, आणि भलतंच पानही उघडतं. त्यापेक्षा ती पानं डेस्कटॉपवरच ठेवा.

लिनक्स मिंट असेल तर (२०.१ किंवा त्यापुढचं) :

१) ब्राउझरमध्ये पाहिजे ते पान उघडा. सरकारी पानाचा पत्ता बहुतेक वेळा 'डॉट जीओव्ही डॉट आयएन' असा असतो, तो नीट बघा. मग पत्ता कॉपी करा.
२) मेनूत 'वेब ॲप्स' शोधून उघडा आणि + चं बटण दाबा.
३) नावाच्या जागी 'कोयना विसर्ग' असं सहज कळणारं नाव द्या. पत्त्याच्या जागी कॉपी केलेला पत्ता पेस्ट करून 'ओके' करा.
४) ते नाव आता मेनूत दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'ॲड टू डेस्कटॉप' निवडा. झालं!

उबंटूवर क्रोम असेल तर पान उघडून वरच्या तीन टिंबांच्या मेनूत 'क्रिएट शॉर्टकट' शोधा. डेस्कटॉपवर चिन्ह आलं पण उघडेना, तर त्यावर राइट क्लिक करून 'अलाउ लाँचिंग' करा.

आता महत्त्वाचं. शॉर्टकट म्हणजे नुसता दरवाजा. आत पान आहे ते इंटरनेटवरच. नेट नसलं तर ते उघडणार नाही. पान उघडलं तरी आकडा बघायच्या आधी त्याची तारीख आणि वेळ बघा. सकाळचा आकडा संध्याकाळी धरून नदीत उतरू नका. उदाहरणार्थ, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तिथं पाणी ३९ कडं सरकतंय असं दिसलं, की कृष्णाकाठच्यांनी आपली नाव कुठं बांधलीय ते बघून घ्यावं.

लॉगिन करायचं पान असेल, तर लॉगिन व्हायच्या आधीचाच पत्ता घ्या. आतला पत्ता पुढच्या वेळी चालत नाही. आणि संस्थेच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड कधीच सेव्ह करू नका.

घरातल्या पोरांना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पावसाआधी करून ठेवा.