जुनी मोटार घ्यावी की नवी?

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी झाल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. आपला प्रश्न त्याहून साधा आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात राबणाऱ्यालाही म्हाताऱ्या आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला चारचाकी हवीशी वाटते. ती नवी घ्यावी की जुनी?

कागद-पेन्सिल घेऊन बसा. विम्यासाठी किंमत ठरवताना तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट धरतात. म्हणजे सहा लाखांची गाडी ३ लाख ६० हजारांची होते. बाजारभाव कमी-जास्त असेल, पण अंदाज येतो. ही घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

आता कर्ज. दोन्हीकडे एक लाख रोख भरले असे धरू. नव्या गाडीला पाच लाख, ९ टक्के दराने, ५ वर्षे: हप्ता सुमारे १०,३८०. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडते. २ लाख ६० हजार, १४ टक्के, ३ वर्षे: हप्ता सुमारे ८,८९०. व्याजासह नवी ७ लाख २३ हजारांना, तर जुनी ४ लाख २० हजारांना पडते.

तीन लाख वाचले म्हणून हुरळू नका. नवी गाडी पुढे विकताना जास्त पैसे येतात. जुनीला टायर, बॅटरी, क्लच यांचा खर्च निघतो. निदान पन्नास हजार त्यासाठी बाजूला ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणून नव्या गाडीचा आजचा भावही विचारून घ्या.

खरा धोका कागदांत आहे. आधीचे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. थकलेले चलान तपासा. नोंदणीची १५ वर्षे कधी संपतात ते पाहा. फॉर्म २९ व ३० भरून ३० दिवसांत आरटीओत गाडी नावावर करा, विमाही १४ दिवसांत बदला. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरटीओत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

ओळखीचा मिस्त्री सोबत नेल्याशिवाय इसार देऊ नका. आणि हप्ता लेकरांच्या फीच्या आड येत असेल, तर नवी नको अन् जुनीही नको. गाडी वर्षभर थांबू शकते, शाळा थांबत नाही.