आधी कुत्री, मग माणूस

मुक्काम आला, कुत्री थांबली, पण गाडीवानाला टेकता येत नाही. थंडी उणे तीसची. जाड हातमोजे काढून, उघड्या बोटांनी तो एकेका कुत्र्याच्या पायातले कापडी मोजे सोडवतो. चौदा कुत्री, छप्पन्न पाय. मग पेंढ्याचा भारा फोडून प्रत्येकाला अंथरूण करायचं, चुलीवर बर्फ वितळवायचं आणि त्या पाण्यात गोठलेलं मांस कालवून सगळ्यांना वाढायचं. कुत्री खाऊन, नाक शेपटीखाली खुपसून झोपली, की हा गुडघ्यांवर बसून एकेक पंजा हातात घेतो. बोटांच्या बेचक्यात बर्फाचा खडा अडकला, तर कातडी चिरते. तिथे मलम लावायचं, सांधा सुजला असेल तर चोळून द्यायचा. एवढं झाल्यावर स्वतःच्या पोटात काहीतरी ढकलून तो तास-दीड तास डोळे मिटतो. उठला, की पुन्हा छप्पन्न मोजे!

अलास्कातल्या इडिटारोड शर्यतीत या गाडीवानाला ‘मशर’ म्हणतात. अँकरेज ते नोम, सुमारे १,६०० किलोमीटर. वाटेत डोंगरखिंडी, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी बेरिंग समुद्राचा वाऱ्याने झोडपलेला किनारा. बैलाला कासरा असतो, इथे हातात काहीच नसतं. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. पुढचं कुत्रं तेवढ्या हाकेवर वळतं, आणि कधीकधी वळायला नकारही देतं. जुने मशर अशा वेळी कुत्र्याचं ऐकतात, कारण पायाखालचा कच्चा बर्फ माणसाआधी त्याला कळतो.

या वाटेवर कुत्र्यांनी माणसं वाचवली आहेत. जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेलं, रस्ता नाही. अँकरेजहून घटसर्पावरचं औषध आगगाडीने नेनानापर्यंत आलं आणि तिथून पुढचं सुमारे १,०८५ किलोमीटरचं अंतर वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी हातोहात पार केलं. साडेपाच दिवसांत. २ फेब्रुवारीच्या पहाटे गुन्नार कासेनची गाडी नोममध्ये शिरली. पुढे बाल्टो नावाचं कुत्रं होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. मला मात्र टोगोबद्दल जास्त ओढ वाटते. लिओनार्ड सेपाला या मशरचा हा बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा औषध आणायला नोमहून उलट निघाला आणि ते घेऊन नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावरून परतला. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरहून जास्त. बाल्टोच्या वाट्याला त्याच्या पाव भागापेक्षाही कमी अंतर आलं होतं.

पुढे विमानं आली, १९६०च्या दशकात गावोगाव इंजिनाच्या बर्फगाड्या आल्या आणि घरामागची कुत्र्यांची आवारं ओस पडू लागली. जो रेडिंग्टन या मशरला हे बघवेना. आपल्या डोळ्यांदेखत कुत्री जाणार, या काळजीपोटी त्याने १९७३ मध्ये नोमपर्यंतची पहिली शर्यत भरवली. चौतीस जण निघाले, बावीस पोचले. विजेत्या डिक विलमार्थला वीस दिवस लागले. २०१७ मध्ये मिच सीव्हीने आठ दिवस, तीन तास आणि चाळीस मिनिटांत नोम गाठलं.

वेग वाढला तो खाण्यापिण्याच्या आणि विश्रांतीच्या अभ्यासातून. धावणारं कुत्रं दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी फस्त करतं, त्यात चरबी भरपूर. पहिल्या दिवशी त्याच्या स्नायूंतली साखरेची शिदोरी भराभर आटते; पुढच्या दिवसांत तेवढंच धावूनही ती तितकी आटत नाही. शरीर वाटेतच नवी घडी बसवतं. माणसाच्या देहाला हे साधत नाही. तरीही एक चोवीस तासांची आणि दोन आठ तासांच्या सक्तीच्या विश्रांती नियमात आहेत, त्या हव्यातच.

१९८५ मध्ये शाक्तूलिकला वादळ घोंघावत होतं. बाकीचे थांबले, लिबी रिडल्स निघाली. एका खुणेच्या काठीवरून पुढची काठी शोधत तिने समुद्राचा बर्फ ओलांडला, रात्र त्या बर्फावरच गाडीत काढली आणि शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. त्या धाडसाने मी भारावतो. पण २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री दगावली, हेही विसरवत नाही. प्राणीमित्र संघटना ही शर्यत बंद करा म्हणतात. धावणं या कुत्र्यांच्या रक्तातच आहे, हे मशर मंडळींचं उत्तर खरं असलं तरी मला पुरेसं वाटत नाही. रक्तात असलं, तरी कुठे थांबायचं ते माणसानेच ठरवायचं असतं.

आता अडचण वेगळीच आली आहे. कुत्री टिकली, बर्फ टिकेना. २०२५ मध्ये बर्फाअभावी शर्यतीची खरी सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला न्यावी लागली. असं याआधीही घडलं होतं. २०१६ मध्ये तर अँकरेजच्या रस्त्यांवर उद्घाटनापुरतंही हिम नव्हतं. तेव्हा फेअरबँक्सहून मालगाडीच्या डब्यांत भरून ते आणलं, साडेपाचशे किलोमीटरहून लांबून. गाडी नेनानावरूनच आली. एक्याण्णव वर्षांपूर्वी ज्या रुळांवरून ते औषध उत्तरेला गेलं होतं, त्याच रुळांवरून.