जहाजाच्या पोटात दडलेलं विमान

आमच्या सिंदी मेघे गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी पहिलं महायुद्ध शिकवताना मी हमखास मुंबईच्या समुद्रावर येतो. ‘व्होल्फ’ हे जर्मन लढाऊ जहाज मालवाहू बोटीचं सोंग घेऊन नोव्हेंबर १९१६ मध्ये कीलहून निघालं. कप्तान होते कार्ल नेर्गर. फेब्रुवारी १९१७ मध्ये या जहाजाने मुंबईजवळ सुरुंग पेरले. त्यांतल्याच एका सुरुंगाने २३ जूनला ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट बुडवली.

या जहाजावर ‘व्योल्फशेन’ नावाचं दोन आसनी विमान होतं. चाकांऐवजी त्याला पाण्यावर तरंगणारे फ्लोट होते. एरवी पंख काढून ते दडवून ठेवत. गरज पडली की जोडायचं, यारीने पाण्यात सोडायचं. ते लाटांवर धावत उडायचं, टेहळणी करून पाण्यावरच उतरायचं. पॅसिफिकमध्ये ‘वैरूना’ बोटीवर त्याने हुकमाची चिठ्ठी टाकली, पुढ्यात एक बॉम्बही. बोट मुकाट शरण आली.

राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा चौदा वर्षंही झाली नव्हती! महायुद्ध फक्त युरोपात झालं, असं मुलांकडून घोकून घेऊ नका. त्याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली, हे त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवा.