फुंकर एकाची, काम चौघांचं

अंबरनाथ-बदलापूरच्या केमिकल पट्ट्यात काच म्हटलं की आपल्याला कंडेन्सर, फ्लास्क आणि (लास्ट सेमला हमखास) ब्रेकेजचे पैसे आठवतात. पण ही काच हाताने फुंकतात कशी, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

पाणी शून्य अंशाला गोठतं. काचेला असा ठराविक बिंदूच नाही. साधी सोडा-लाइम काच ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास काकवीसारखी ओघळते आणि निवत निवत ताठ होत जाते. सगळा खेळ या मधल्या पट्ट्यातला, आणि हातात वेळ फार थोडा. म्हणून हे काम एकट्याचं नाही.

एकजण पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतून काचेचा गोळा उचलतो. नळी सतत फिरती हवी, थांबलात की गोळा लोंबकळलाच! मुख्य कारागीर बाकावर बसून नळी फिरवत ओल्या लाकडी साच्याने आकार देतो, त्याच वेळी दुसरा नळीत फुंकतो. यात एक गंमत आहे. फुगून पातळ झालेला भाग आधी निवतो, ताठ होतो आणि फुगायचा थांबतो. मग जाड, गरम भाग फुगायला लागतो. आपण कंट्रोल सिस्टिममध्ये घोकतो तो निगेटिव्ह फीडबॅक हाच की! तिसरा भरीव कांडी तळाला चिकटवतो, मानेवर हलकी टिचकी बसली की वस्तू नळीवरून सुटते, आणि तोंडाचं काम सुरू होतं.

शेवटी अॅनिलिंग. मी कॉन्व्हेंटवाली, परिभाषा कोशातला शब्द मला माहीत नाही. पण 'हळूहळू निववणं' म्हटलं तरी चालेल. बाहेरची काच आधी ताठली आणि आतली मागून आक्रसली तर ताण आतच अडकतो. म्हणून चौथा माणूस ती वस्तू लगेच ५०० अंशांच्या आसपास तापवलेल्या ओव्हनमध्ये नेऊन ठेवतो.

ही विद्या आपल्यापासून लांब नव्हती. बदलापूरवरून जाणारी हीच रेल्वे लाइन कर्जत आणि खंडाळ्याचा घाट करून तळेगाव दाभाड्याला जाते. तिथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत गोळा केलेला हा फंड. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. काचेचं तंत्र परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. मला सगळ्यात पटतं ते हे, की फंडाने माल विकण्यासोबत माणसंही शिकवली. तिथे तयार झालेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत गेली. वार्ष्णेयांनी स्वतः पुढे उत्तरेत बहजोईला कारखाना काढला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा १९१६ चा कारखाना तर प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी पोचला.

आज बाटल्या मशीनवर निघतात. लॅबची काच मात्र वेगळी: बोरोसिलिकेट, तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावणारी. तिचे सांधे अजूनही माणूसच ज्योतीवर जोडतो. तेव्हा तडकलेला कंडेन्सर फेकण्याआधी लॅब असिस्टंटना विचारा, जोडून देणारा कारागीर मिळतो. फक्त जोडल्यावर तो नीट अॅनिल केलाय ना, एवढं पाहा. नाहीतर पुढच्याच प्रॅक्टिकलला सांध्यापाशी तडकेल.